बिल्ला नंबर विचारणारी बाई

आमच्या बसच्या मार्गावर कंडक्टर बाईंना सगळे बिल्लाबाई म्हणायचे. पाठीमागे हं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मी त्यांचा ड्रायव्हर. अकरा वर्षं मी गाडीच्या पुढचं बघितलं आणि त्यांनी मागचं. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा, तीन म्हणजे मागे काहीतरी भलतंच घडलंय. अकरा वर्षांत तीन बेल मी दोनदाच ऐकल्या. एकदा एका बाईला गाडीतच कळा सुरू झाल्या तेव्हा, आणि एकदा कुणाच्या तरी पिशवीतून कोंबडा सुटला तेव्हा. कळा आल्या तेव्हा बाई शांत होत्या, मी गाडी दवाखान्याकडे वळवावी एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कोंबड्याला मात्र त्या खरंच घाबरल्या.

नाव पडलं त्याची गोष्ट अशी. एकदा साध्या कपड्यातला एक माणूस गाडीत चढला आणि रुबाबात म्हणाला, "तपासणी आहे, तिकिटाचं मशीन दाखवा." बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आधी तुमचा बिल्ला नंबर सांगा." खात्यातल्या प्रत्येकाला नंबर कोरलेला बिल्ला असतो, पण या गृहस्थांचा बिल्ला घरी दुसऱ्या शर्टाला राहिला होता. "बिल्ला नाही तर तुम्ही प्रवासी. आणि प्रवासी असाल तर तिकीट काढा." त्यांनी मुकाट्याने तिकीट काढलं. ते तपासणी पथकाचे नवे साहेब होते. आठवड्याभरात बाईंच्या नावाने दोन पत्रं आली. एक उद्धटपणाबद्दल ताकीद देणारं, दुसरं दक्षतेबद्दल शाबासकीचं. दोन्हींवर सही एकाच साहेबांची.

बाईंच्या खिशात एक छोटी वही असायची, दोऱ्याने पेन्सिल बांधलेली. कोण भेटलं, कुठे, किती वाजता, बिल्ला नंबर काय, सगळं तीत जायचं. "तोंडचं बोलणं वाऱ्यावर जातं, दादा," त्या मला म्हणायच्या. "वहीतलं जागेवर राहतं." लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "दिवसाला नऊशे माणसं सांभाळते. घरी आणखी एक कशाला?"

घरी तशी माणसं होती. तळमजल्यावर बाई आणि त्यांची आई, वरच्या खोलीत धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दहा वर्षांची मुलगी. धाकटा फ्रीज दुरुस्त करायचा. हाताला गुण होता, पण जिभेला ब्रेक नव्हता. फ्रीज अर्ध्या तासात गार करायचा आणि पुढचे दोन तास घरातल्यांशी गप्पा हाणत बसायचा. कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, कुणाचा गुडघा दुखतोय, सगळी बातमी त्याच्याकडे. त्याला लहानपणापासून दमा. औषधाचा पंप कायम शर्टाच्या खिशात. बोलता बोलता पंप तोंडाला लावायचा, दोन फवारे ओढायचा आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे सुरू करायचा.

एका शीतगृहाच्या मालकाने तक्रार केली की नवा कोरा कॉम्प्रेसर गायब झालाय आणि त्याला शेवटचा हात धाकट्याने लावला होता. पोलिसांनी त्याला उचललं. जामीन कागदावर मंजूर झाला, पण जामीनदाराच्या कागदांत दर वेळी एक काहीतरी कमी निघायचं. कधी पत्त्याचा दाखला जुना, कधी सही जुळत नाही. असं करता करता चौथा महिना लागला. खटला अजून उभाच राहिला नव्हता. अशांना कच्चा कैदी म्हणतात. तुरुंगात मुलाखतीला, म्हणजे भेटीला, गेलं की धाकटा जाळीपलीकडून म्हणायचा, "ताई, मी अजून कच्चाच आहे, पिकायच्या आत काढा मला."

दर दुसऱ्या शनिवारी बाई त्याला भेटायला जायच्या. कैद्याचं औषध थेट हातात देता येत नाही, फाटकावर जमा करायचं आणि तिथून ते तुरुंगाच्या दवाखान्यामार्फत आत जातं. बाईंनी नवा पंप जमा केला आणि पावती मागितली.

फाटकावरचा शिपाई हसला. "औषधाची पावती आजवर कुणी मागितली नाही."

"आज मागतेय. आणि तुमचा बिल्ला नंबरही सांगा."

मागे रांग खोळंबली. शेवटी त्याने वैतागून एका कागदावर पंपाचा नंबर आणि स्वतःचा बिल्ला नंबर लिहून शिक्का मारला. बाईंनी तो कागद वहीत चिकटवला.

त्यानंतर दहा दिवसांनी, मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला, आम्ही स्टँडवर गाडी लावून चहा पीत होतो, तेव्हा बाईंचा फोन वाजला. पलीकडून वहिनी, म्हणजे त्यांची भावजय. तिला तुरुंगातून फोन आला होता. तुमच्या माणसाची तब्येत बिघडलीय, सरकारी दवाखान्यात या. एवढंच सांगितलं आणि ठेवला.

बाईंनी चहा खाली ठेवला. कंट्रोलरकडे जाऊन मशीन जमा केलं, बदली कंडक्टरला सगळं समजावलं, एका आजीला कुठे उतरवायचं तेही सांगितलं. मीही अर्धी रजा टाकली. रिक्षात बसल्यावर त्या एकच वाक्य बोलल्या. "तब्येत बिघडली असती तर कुठल्या वॉर्डात ते सांगितलं असतं."

दवाखान्यात वहिनी आधीच पोचली होती, एका बाकावर. शेजारी तुरुंगाचा एक हवालदार उभा, हातात कागद. स्वभावाने वाईट नव्हता, पण घाईत होता. बाईंनी त्याला विचारलं, "कुठे आहे तो?"

"बाई, तुम्ही बसा आधी."

"मी दिवसभर उभीच असते. कुठे आहे?"

हवालदार हातातला कागद सरळ करायला लागला. मागून एक सफाई कामगार बादली घेऊन जात होता. तोच म्हणाला, "मघाशी तुरुंगातून आणलेला ना? शवागारात ठेवलाय."

वहिनीने हंबरडा फोडला. बाईंनी तिला एका हाताने घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने वही काढली. मला ते तेव्हा विचित्र वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, ही बाई आहे की दगड? त्यांनी लिहिलं, दहा वाजून वीस मिनिटं, सफाई कामगाराकडून कळलं. मग हवालदाराचा बिल्ला नंबर.

हवालदाराने कागद पुढे केला. "इथे घरच्यांची सही लागते. म्हणजे लगेच ताब्यात मिळेल, संध्याकाळपर्यंत मोकळे व्हाल."

बाईंनी चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं की मयताला जुना आजार होता, मरण नैसर्गिक आहे आणि आमची कुणाविरुद्ध काही तक्रार नाही. खाली अर्धं पान कोरं.

"हे कोरं कशासाठी?"

"ते आम्ही भरतो नंतर."

"मग सहीपण नंतर."

वहिनीने बाईंचा हात धरला. "ताई, करून टाकू ना सही. मला ह्यांना घरी न्यायचंय. असं इथे नको."

हा क्षण बाईंना सगळ्यात जड गेला, असं त्या आजही सांगतात. भाऊ तर गेलाच होता. समोर होती ती भावजय, आणि तिचं मागणं काही चुकीचं नव्हतं. बाई तिच्यापुढे खाली जमिनीवरच बसल्या. "घरी नेऊच. पण हा कागद म्हणतो की आपल्याला काही विचारायचं नाही. तुला काही विचारायचं नाहीये?"

वहिनीने बाईंचा हात सोडला. मग म्हणाली, "पंप दिला होता का त्यांना?"

"बस. एवढंच विचारायचंय. ते विचारल्याशिवाय सही नाही."

मुलाखतीच्या खोलीच्या भिंतीवर मोफत कायदेशीर मदतीचा एक फोन नंबर लिहिलेला होता. रंग उडालेला, पण बाईंनी कधीतरी तो टिपून ठेवला होता. तो लावला. पलीकडच्या वकिलाला जबरदस्त सर्दी झाली होती, दर वाक्याला शिंक. पण माणूस कामाचा निघाला.

"सही केली नाहीत, हे बरं केलंत. आता ऐका. कोठडीत माणूस गेला की नुसत्या पोलिसी पंचनाम्यावर भागत नाही, मॅजिस्ट्रेटने येऊन बघावं लागतं. ते येईपर्यंत पोस्टमॉर्टेम होऊ देऊ नका. त्याआधी तुम्हाला चेहरा आणि अंग बघायचा हक्क आहे, मागा तो." आक् छीं. "पोस्टमॉर्टेमचं चित्रीकरण करा, म्हणावं. एकाहून जास्त डॉक्टर असू द्या, म्हणावं. अंगावरचे कपडे आणि वस्तू यांची यादी करून घ्या, तिची प्रत घ्या. आणि हे सगळं तोंडी नाही, अर्ज करून. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर त्यांचा शिक्का घ्या."

"शिक्का ना? तो मी घेतेच," बाई म्हणाल्या.

"आणि एक. आज मिळणार नाही ताब्यात. उद्या मिळेल. घरी तसं सांगून ठेवा, नाहीतर माणसं वाट बघून आणखी खचतात."

हा शेवटचा सल्ला सगळ्यात उपयोगाचा ठरला. बाईंनी मला घरी आईकडे धाडलं. मी म्हाताऱ्या माउलीला ते कसं सांगितलं ते मलाच ठाऊक. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "त्याची बहीण आहे ना तिथे?" मी हो म्हटलं. "मग ठीक आहे," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. नातीला मी शेजाऱ्यांकडे सोपवून परत फिरलो.

मी पोचलो तेव्हा बाईंचा अर्ज लिहून झाला होता आणि हवालदार घामाघूम झाला होता. तीन वाजता मॅजिस्ट्रेट आल्या. तरुण होत्या, पायात कापडी बूट, बहुधा दुसऱ्याच कुठल्या कामातून तशाच उठून आलेल्या. त्यांनी आधी अर्ज वाचला. मग विचारलं, "आत येणार का तुम्ही? न आलात तरी चालेल."

बाई आणि वहिनी दोघी आत गेल्या. आत काय झालं ते बाईंनी मला नंतर सांगितलं, त्यांच्याच शब्दांत सांगतो. "चेहरा त्याचाच होता, पण गप्प. त्याला गप्प कधी बघितलंच नव्हतं, म्हणून आधी ओळखूच आला नाही. अंगावर मारल्याची खूण नव्हती. मी बारकाईने बघितलं, मला ती नको होती तरी शोधली. नखं निळी पडली होती. आणि उजव्या हाताच्या बोटांवरची सालटं निघालेली. वहिनीने तोच हात हातात घेतला."

बाई मॅजिस्ट्रेटना म्हणाल्या, "हे लिहा. उजवा हात, चार बोटं."

"लिहितेय," मॅजिस्ट्रेट म्हणाल्या आणि खरंच लिहिलं.

मग वस्तूंची यादी. शर्ट, पॅन्ट, एक रुमाल, मुलीने पाठवलेलं एक चित्र. पंप नाही. "यादीत पंप नाही, असंही लिहा," बाई म्हणाल्या. कारकून कुरकुरला की नसलेल्या वस्तू यादीत कशा लिहायच्या, मग उद्या हत्ती नाही असंही लिहावं लागेल. बाई म्हणाल्या, "हत्ती मी जमा केला नव्हता. पंप केला होता." आणि वहीतली पावती पुढे ठेवली. मॅजिस्ट्रेटनी ती दोनदा वाचली. कारकुनाने ती ओळ यादीत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला घरी आणलं. निरोपाला एवढी माणसं लोटली की गल्ली भरली. निम्म्याहून अधिक तर त्याची गिऱ्हाइकं. एक आजी काठी टेकत आली आणि आल्या आल्या म्हणाली, "आता माझा फ्रीज कोण बघणार? दुसरा कुणी आला तर नुसता फ्रीजच बघेल." मग तिथेच बसून रडायला लागली आणि तिच्यामागे सगळे. घरातलं साचलेलं रडणं त्या आजीने मोकळं केलं, असं आई पुढे म्हणायची.

वहिनी मात्र महिनाभर बाईंशी बोलली नाही. एक रात्र नवरा त्या थंड खोलीत परक्यांत राहिला, ते तिच्या मनातून जाईना. बाईंनीही समजूत घालायला गेल्याचं नाटक केलं नाही. जेवणाचं ताट जिन्याच्या पायरीवर ठेवायच्या आणि कामावर निघायच्या.

मग सुरू झालं ते वाट बघणं. मला आधी वाटायचं, चौकशी म्हणजे दोन-तीन आठवड्यांचं काम. छे! पोटातले नमुने तपासायला प्रयोगशाळेत जातात, तिथे त्यांची रांग लागते. पोस्टमॉर्टेमची प्रत मागायला गेलं की म्हणतात, साहेब नाहीत. साहेब असले की म्हणतात, शिक्का नाही. बाई तिसऱ्या खेपेला डबा घेऊन गेल्या. टेबलासमोर बसून म्हणाल्या, "मला आज सुट्टी आहे. शिक्का येईपर्यंत मी इथेच जेवते." पोळी-भाजीचा पहिला घास तोंडात जायच्या आत शिक्का सापडला.

एकदा जेलर साहेब स्वतः घरी आले. खुर्चीच्या टोकावर बसले. थकलेला माणूस, डोळ्यांखाली काळं. म्हणाले, "समजून घ्या बाई. माझ्याकडे तेराशे माणसं आणि एकच कंपाउंडर."

बाईंनी त्यांना पाणी दिलं. "माझ्या गाडीत जागा पंचेचाळीस, माणसं नव्वद. तरी कोण कुठे उतरणार मला ठाऊक असतं. कंपाउंडर एकच आहे हे तुमचं दुःख खरं आहे. ते मॅजिस्ट्रेटना लिहून द्या. मला सांगून काय उपयोग?"

गंमत म्हणजे त्यांनी ते खरंच लिहून दिलं. पुढे अहवालात ते कामी आलं.

चौकशीत धाकट्याच्या बराकीतल्या एका कैद्याने जबाब दिला. त्याच्या सांगण्याप्रमाणे सकाळी सहाच्या सुमाराला धाकट्याचा श्वास अडकायला लागला. त्याने दार बडवलं, मग साऱ्या बराकीने ताटल्या वाजवल्या. शिपाई येऊन बघून गेला आणि म्हणाला, आठला कंपाउंडर येतो. कंपाउंडर आला तोवर उशीर झाला होता. दवाखान्यात पोचले तेव्हा आठ पस्तीस झाले होते आणि डॉक्टरांनी तिथेच सांगितलं की संपलंय. म्हणजे वहिनीला फोन आला त्याआधी तासभर सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि पंप? तो फाटकावरच्या टेबलाच्या खणात सापडला. वेष्टनही फाडलेलं नव्हतं. बाईंच्या पावतीवरचा नंबर आणि त्याच्यावरचा नंबर एक.

ते ऐकलं त्या दिवशी वहिनी खाली आली आणि बाईंच्या शेजारी बसली. माफीबिफी कुणी मागितली नाही. "माझाही जबाब घ्यायला सांगा," एवढंच म्हणाली. दिला, आणि असा दिला की वकिलाची शिंकसुद्धा अडली.

चौदा महिन्यांनी अहवाल आला. मृत्यू दम्याने, मदत दोन तास उशिरा, घरच्यांनी दिलेलं औषध कैद्यापर्यंत पोचलंच नाही. शिपाई आणि कंपाउंडर निलंबित झाले. त्यांच्यावरची पुढची केस अजून चालू आहे आणि तारखा पडताहेत. भरपाई वहिनीच्या नावाने झाली. त्या रकमेबद्दल बाई बोलत नाहीत, म्हणून मीही बोलत नाही. आता फाटकावर औषध घेतल्याची पावती मागावी लागत नाही, आपोआप मिळते. बाईंनी अहवाल आईला वाचून दाखवला, शब्द न गाळता. आईने मध्येच थांबवून विचारलं, "दार बडवलं होतं ना त्याने?" बाई म्हणाल्या, हो. "गप्प बसणाऱ्यातला नव्हताच तो," आई म्हणाली. त्यात केवढा अभिमान होता!

कॉम्प्रेसरचा खटलाही एक दिवस पुकारला गेला. बाई हट्टाने गेल्या, मीही सोबत होतो. न्यायाधीशांनी फाइल बघितली आणि म्हणाले, आरोपी मयत, खटला बंद. दोन मिनिटांचं काम. बाई उभ्या राहिल्या. "साहेब, निर्दोष असं लिहिता येईल का?"

"नाही हो, बाई. खटला चाललाच नाही. दोषीही लिहिता येत नाही, निर्दोषही नाही."

बाहेर आल्यावर मी चिडलो होतो. बाई शांत होत्या. म्हणाल्या, "घेतलाही असेल त्याने कॉम्प्रेसर, कोण जाणे. तोंडाने गोड होता, पण खिसा कायम रिकामा. मला नाही माहीत, दादा. पण कॉम्प्रेसरची शिक्षा गुदमरणं असते, असं कुठल्या कायद्यात लिहिलंय?" स्वतःच्या भावाबद्दल असं बोलायला मोठं काळीज लागतं.

बाई निवृत्त झाल्या त्याला चार वर्षं झाली, मला तीन. त्या वकिलाने बाईंना एकदा फोन केला होता. एका कुटुंबावर तशीच वेळ आलीय, जरा जाता का सोबत? बाई गेल्या. तेव्हापासून जातातच. सोबत वही असते आणि पाण्याची बाटली. सोबतीला कधी मी. लोकांना त्या फार काही शिकवत नाहीत. फोनवर खरं सांगणार नाहीत, हे धरून चला, म्हणतात. कोऱ्यावर सही नको. मॅजिस्ट्रेटची वाट बघा, उपाशी बघू नका. बघायला आत एकट्याने जाऊ नका, दोघं जा. घरी एक माणूस असा ठेवा, ज्याच्याकडे दुसरं काही काम नाही, फक्त घरच्यांजवळ बसायचं. आज नाही, उद्या मिळेल. अहवाल चांगलाच उशिरा येईल. आणि सगळ्यात शेवटी म्हणतात, "भांडण झालं घरात तर होऊ द्या. आमच्यातही झालं."

गेल्या वर्षी एक म्हातारा सुतार आला. त्याचा मुलगा तुरुंगात गेला, म्हणजे वारला. तिशीचा, धडधाकट. सुताराला खात्री होती की मारलं. बाईंनी सगळं केलं, अर्ज, चित्रीकरण, प्रती. पण कागद जसजसे आले तसतसं दिसायला लागलं की यात कुणाची काही चूक नव्हती. जन्मापासून हृदयात दोष होता, कुणालाच ठाऊक नसलेला. कोसळल्यावर चार मिनिटांत माणसं धावली होती. एका शिपायाने अर्धा तास छाती दाबली होती, त्यात त्याचाच खांदा निखळला.

हे सांगायला आम्ही त्याच्या कामाच्या शेडमध्ये गेलो. सगळीकडे भुसा, अर्धवट कपाटं. मला वाटलं, बाई जरा घोळवून सांगतील. कसलं काय. प्रत्येक पान त्यांनी त्याला वाचून दाखवलं. तो रंधा हातात धरून ऐकत राहिला.

"म्हणजे कुणीच काही केलं नाही?"

"केलं. वाचवायचा प्रयत्न केला. जमलं नाही."

तो लाकडावर हात फिरवत राहिला. मग एकदम म्हणाला, "मग मी रागवायचं कुणावर?"

बाईंनी कागदांची घडी घातली. म्हणाल्या, "माझ्यावर रागवा. मंगळवारी मी मोकळी असते."

मला वाटलं, बोलण्यापुरतं बोलल्या. पण पुढच्या मंगळवारी सुतार दारात हजर. आला तो तडक बाईंच्या दरवाज्यावर घसरला. बिजागरी कुणी बसवली ही, गाढवाने? मग चहा पांचट झालाय म्हणून, मग गल्लीतल्या खड्ड्यांवरून, मग सरकारवरून, मग बाईंनी शेडमध्ये पान मोठ्याने वाचलं म्हणून, मग त्यातल्या एका शब्दावरून. शेवटी मी दिसलो. "आणि तुम्ही हो ड्रायव्हर! तुमच्या गाडीत मी चार वर्षं आलोय-गेलोय. एवढ्या जोरात ब्रेक मारतात?"

मी म्हटलं, "चुकलंच."

बाईंनी त्याच्यासाठी दुसरा चहा टाकला, या वेळी दाट. तो प्याला आणि आणखी अर्धा तास माझ्या ब्रेकवर बोलला.